जागतं ठिगळ

वैजयंता लोंढेच्या उजव्या हाताला एक ठिगळ होतं आणि ते कधी झोपत नसे.

मिरजेच्या हॉस्पिटलात त्याला 'राखणदार त्वचा' म्हणत. पण जिची सगळी हयात ब्लाउज शिवण्यात गेली, ती बाई कातडीवर लावलेल्या कातडीला ठिगळ नाही म्हणणार तर काय म्हणणार? कोपराच्या मागून निघून हाताच्या बाहेरच्या अंगाने अर्ध्यावर येणारं, भोवतालच्या कातडीपेक्षा जरासं उजळ आणि कडेने बारीक शिवण असलेलं ते ठिगळ तिला मनापासून आवडलं होतं. टाके फार साफ होते. कुणाचंही काम इतकं साफ असलं की वैजयंताचा त्या माणसावर जीव बसायचा.

गाव सांगलीच्या पलीकडे, कृष्णेच्या काठावर. हळदीचं गाव. हंगामात इथल्या माणसांचे तळवे पिवळे, कपड्यांच्या कडा पिवळ्या, वासरांची तोंडंसुद्धा पिवळी. आता शेतावर बॉयलर आले, फवारणीला ड्रोन आले, पण वैजयंताच्या लहानपणी हळद उघड्या काहिलीत शिजायची. आठ-नऊ वर्षांची असताना पळापळीत तिचा पाय घसरला आणि उजवा हात कोपराच्या वरपर्यंत उकळत्या काहिलीत गेला. हात वाचला, पण त्यावर ताणलेल्या चामड्यासारखा एक वण राहिला. त्या वणासकट ती लोंढ्यांच्या घरात थोरली सून म्हणून आली, त्याच हाताने शिवण शिकली आणि गावातल्या तीन पिढ्यांची मापं तिला तोंडपाठ झाली. फोनने अंगाचं माप घेणारी दुकानं सांगलीत निघाली तरी बायका हिच्याकडेच येत. फोनला अंग कळतं, पण बाईला काय झाकायचंय ते कळत नाही, असं वैजयंता म्हणायची.

शिवताना तिचा हात मशीनच्या फळीच्या कडेवर टेकायचा. तिथे वण भेगाळायचा, भरायचा, पुन्हा भेगाळायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. ती त्यावर हळद आणि तूप लावी. हळदीनेच पोळलं, हळदच बरं करेल, हा तिचा हिशोब. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात, पण हे मुंगीच्या पावलांनी आलं. जखमेच्या कडा उंच झाल्या, खडबडीत झाल्या, त्यांना वास येऊ लागला. तो वास पहिल्यांदा आला शर्वरीला. शर्वरी म्हणजे धाकट्या जावेची, छायाची मुलगी. ती ब्लाउजचं माप द्यायला आली होती. माप अर्धवट टाकून तिने मोठ्या आईला बसमध्ये बसवलं आणि मिरजेला नेलं.

तिथे डॉक्टर तहसीन मुजावर होत्या. वय चाळिशीचं, बोलणं थेट. त्यांनी जखमेचा बारीकसा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, की वणात कॅन्सर झालाय.

वणात कॅन्सर कसा होतो, असं वैजयंताने विचारलं. हात तिचा होता, तिला कळायलाच हवं होतं. मुजावरबाईंनी तिच्याच भाषेत समजावलं. कातडी फाटली की शरीर तिथे निरोप पाठवतं, वाढा, दुप्पट व्हा, भोक बुजवा. भोक बुजलं की दुसरा निरोप जातो, आता थांबा. तुमच्या वणाला पहिला निरोप इतक्यांदा गेला, की कुठल्यातरी एका पेशीला दुसरा निरोप ऐकूच येईनासा झाला. ती थांबलीच नाही. आणि वण म्हणजे निबर कातडी, तिच्यातून जायला शरीराच्या शिपायांना वाटा नाहीत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी गस्त घालायला तिथपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे चोराला घर आयतं मिळालं.

"मग कापून टाका की," वैजयंता म्हणाली.

कापणार होत्याच. खरी अडचण पुढे होती. कापल्यावर मोठी जखम होणार आणि ती भरून यायला शरीर पुन्हा तोच निरोप पाठवणार, वाढा. मांडीची कातडी लावून जखम लवकर भरून घ्यावी, तर मागे एखादी चुकार पेशी राहिली असली तरी त्याच खतपाण्यावर तीही पोसणार, आणि वरून छान बरं दिसत असताना आत काय चाललंय ते कुणाला कळणार नाही. अशा वणातला कॅन्सर परत येण्यात मोठा वस्ताद. म्हणून पूर्वी अशा वेळी हात काढूनच टाकत. तेही करता येईल, असं मुजावरबाई म्हणाल्या, आणि त्यांचं लक्ष वैजयंताच्या बोटावरच्या अंगठीकडे गेलं. ती सोन्याची नव्हती. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं टोपण होतं ते. घाईत काढायचं राहून गेलं होतं.

मग त्यांनी तिसरी वाट सांगितली. वैजयंताच्या मांडीची थोडी कातडी घ्यायची, प्रयोगशाळेत वाढवायची आणि वाढताना तिच्यात तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी वस्तीला ठेवायच्या. गस्त घालायला लांबून कुणी यायला नको, शिपाई घरातच राहतील. एखाददुसरी वाट चुकलेली पेशी ते परस्पर निपटतील. पण चोर जास्त झाले, तर शिपाई हाक मारतील. कशी, तर रंग सोडून. मक्याच्या दाण्यात असतो तसला निरुपद्रवी पिवळा रंग बनवायला त्यांना शिकवलं होतं, कारण शरीराला न बाधणारा आणि सावळ्या कातडीवर दिसणारा तेवढाच एक रंग त्यांना बनवता येत होता. ठिगळ पिवळं पडलं की तडक मिरजेला यायचं. वेळेत आलात तर हात राहील, उशीर झाला तर कोपरापासून जाईल.

"आणि हळद लावायची नाही," मुजावरबाई हसत म्हणाल्या. "हा रंग ठरवणारा माणूस सांगली जिल्ह्यात कधी आला नसावा."

अजून एक अट होती. रंग हळूहळू चढतो आणि रोज स्वतःकडे बघणाऱ्या माणसाला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. शिवाय ठिगळ होतं कोपराच्या मागे. हातच्या काकणाला आरसा लागत नाही हे खरं, पण हातामागच्या ठिगळाला दुसरं माणूस लागतं. रोज सकाळी, उन्हाच्या उजेडात, एकाच माणसाने बघायचं. तुमच्या घरी कोण आहे, असं त्यांनी विचारलं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शर्वरी नोकरीला सांगलीत, तिच्या येण्याजाण्याला धरबंध नव्हता.

"माझी आई आहे की," शर्वरी म्हणाली.

आता छाया आणि वैजयंता एका घरात राहत असल्या तरी मधे भिंत होती, आणि भिंतीपेक्षा जाड अबोला होता. जावा जावा, उभा दावा, असं गाव हसून म्हणायचं, पण त्या अबोल्याला कारण होतं. वैजयंताचा नवरा गेला त्याच साली छायाच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी वैजयंता मांडवात येऊन उभी राहिली, तेव्हा छायाने शेजारणीकरवी निरोप पाठवला, की आक्कांनी आत स्वयंपाकाकडे बघावं. बस्स, एवढंच. वैजयंताने स्वयंपाकाकडे बघितलं, शंभर माणसांचं वाढप केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून छायाशी बोलणं टाकलं. ज्याला तिने हाताखांद्यावर वाढवलं होतं, त्याला हळदीचं बोट लावायला तिचाच हात तेवढा चालला नव्हता.

तरी पावसाळ्याअखेर वण कापून, ठिगळ लावून वैजयंता घरी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी छाया चहाचा कप घेऊन ओसरीवर उभी राहिली. कप मशीनवर ठेवला. वैजयंताचा हात धरून उन्हात फिरवला, कोपर वाकवला, बघितलं, सोडला आणि निघून गेली. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ठिगळाला कायम बारीक खाज असायची. शिपाई जागे असल्याची ती खूण आहे, असं मुजावरबाईंनी सांगितलं होतं. वैजयंताला त्या खाजेची आणि त्या मुक्या चहाची एकदमच सवय झाली. न बोलता माणूस रोज हातात हात घेतं म्हटल्यावर अबोला टिकवणं कठीणच. थंडी पडल्यावर छायाने एकदा विचारलं, दुखतं का. वैजयंता नाही म्हणाली. होळीपर्यंत दोघी कांद्याच्या भावावर बोलू लागल्या. जुन्या गोष्टीला मात्र कुणी हात लावला नाही.

वैशाखात शर्वरीचं लग्न ठरलं. एका सकाळी हात बघून झाल्यावरही छाया गेली नाही. मशीनच्या चाकाकडे बघत उभी राहिली.

"शर्वरीला पहिली हळद तुम्ही लावायची," ती म्हणाली.

वैजयंताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"लोक बोलतील, छाया."

"बोलू देत. मागं माझं चुकलंय, आक्का. मला त्यावेळी कळलं न्हाई. रोज ह्यो हात हातात घेते आणि मनात तेच येतंय."

वैजयंताने मान हलवली आणि छाया गेल्यावर मशीनवर डोकं ठेवून पोटभर रडून घेतलं. बारा वर्षांचं काहीतरी त्या रडण्यात वाहून गेलं आणि मागे राहिली निव्वळ कृतज्ञता. कुणाविषयी, ते तिला नीट सांगता आलं नसतं. छायाविषयी होती, मुजावरबाईंविषयी होती आणि त्या ठिगळाविषयीही होती.

डॉक्टरांची सूचना तिच्या लक्षात होती. पण हळद डाव्या हाताने लावतात का कुठे? तिने उजव्या कोपराला प्लास्टिक गुंडाळलं, वरून लांब बाहीचा ब्लाउज घातला आणि फक्त बोटं बुडवायची असं ठरवलं. नवऱ्यामुलाची उष्टी हळद आली. भरल्या मांडवात छायाने सगळ्यांदेखत तिला हाताला धरून पुढे नेलं. वैजयंताने शर्वरीच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, गालांना हळद लावली. कुणी कुजबुजलं असेलही, तिला ऐकू आलं नाही. मग शर्वरी उठली. "मोठ्या आई, आता तू," म्हणत तिने वाटीभर हळद घेतली, दोन्ही बाह्या वर सारल्या, ते प्लास्टिक कुणाच्याच लक्षात न येता घसरून पडलं आणि नवरीने मोठ्या आईचे दोन्ही हात कोपरापलीकडेपर्यंत माखून काढले. थांब म्हणायला वैजयंताने तोंड उघडलं, पण त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघून ते तसंच मिटलं. बारा वर्षांनी अंगाला लग्नाची हळद लागत होती.

लग्न पार पडलं. पाहुणे पांगले. सकाळी छाया हात बघायची, तर ठिगळ पिवळं. हळदच ती, जायला वेळ लागतो. डावा हातही पिवळाच होता. बायका थट्टा करायच्या, की नवरीपेक्षा हिलाच हळद जास्त रंगली. वैजयंताने ती घासून काढली नाही. आंघोळीला साबणसुद्धा त्या हातांना जपून लावायची.

डावा हात हळूहळू उतरला. उजवाही मनगटाकडून उतरला. ठिगळ उतरलं नाही.

वैजयंताच्या हे लक्षात आलं नाही असं नाही. ठिगळाची खाज वाढली होती, रात्री झोप लागू देत नव्हती. पण कळूनही मन ते मान्य करायला तयार होईना. हे हळदीमुळे राहून गेलं म्हटलं, तर छायाला काय वाटेल? जिने आयुष्यात एकदा मोठ्या मनाने बोलावलं, तिच्या बोलावण्याला हे फळ? शर्वरीला कळलं तर ती पोर जन्मभर स्वतःच्या हातांना दोष देत बसेल. सत्यनारायण होऊ दे, मुलगी माहेरी येऊन परत जाऊ दे, मग जाऊ मिरजेला. हात माझा आहे, काही दिवस थांबेल. शहाण्यातली शहाणी बाई अशी गणितं मांडते आणि ती तिला बरोबरही वाटतात.

आणि छाया? तीही रोज बघत होती आणि रोज गप्प बसत होती. आक्कांना हळदीवरून काही बोललं तर त्यांना वाटेल, हिनेच लावायला सांगितली आणि आता हिलाच सलतंय. दोघी एकमेकींचं मन जपत बसल्या होत्या आणि त्या जपणुकीत हात चालला होता.

सत्यनारायण शर्वरीच्या सासरी होता. सकाळी माहेरची माणसं निघायच्या तयारीत, दारात गाडी उभी. छाया नवं लुगडं नेसून चहा घेऊन आली, सवयीने हात उचलला आणि उन्हात धरला. बराच वेळ धरला. मग कप खाली ठेवून ती मोरीतला साबण घेऊन आली.

हळदीच्या गावात पोरासोरांनाही हे ठाऊक असतं, की हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. छायाने आधी वैजयंताच्या डाव्या कोपराच्या घडीत, जिथे हळदीचा शेवटचा अंश उरला होता, तिथे ओला साबण चोळला. घडी तांबडी झाली. मग तिने ठिगळावर चोळला. ठिगळ पिवळंच राहिलं. तिने अंगठ्याने कड चाचपली. पिवळेपण बरोबर टाक्यांपाशी संपत होतं.

"आक्का," ती हळू आवाजात म्हणाली, "हळद काय शिवण बघून थांबती व्हय?"

वैजयंताने मान खाली घातली.

"तुम्हाला म्हाईत हुतं."

"सत्यनारायण होऊ दे म्हटलं."

छायाने साबण दूर ठेवला, हात पुसले आणि दाराकडे जाऊन नवऱ्याला सांगितलं, तुम्ही पूजेला जा, मी आक्कांना घेऊन मिरजेला निघाले. लेकीच्या सासरची पहिली पूजा, नवरीची आई नाही म्हटल्यावर काय म्हणतील लोक, असं तो बोलू लागला. बारा वर्षांपूर्वीही लोकांचंच ऐकलं होतं, एवढंच ती म्हणाली. नव्या लुगड्यावरच ती बसमध्ये बसली. सबंध वाटेत तिने वैजयंताचा उजवा हात मांडीवर धरून ठेवला होता. हात कोपरापासून जायचा असेल तर आजच कळणार होतं.

मुजावरबाईंनी ठिगळ बघितलं, दोघींकडे बघितलं आणि रागावणं पुढे ढकललं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर छाया एकटी बसली होती. सासरहून शर्वरीचे फोन येत होते आणि ती प्रत्येक वेळी सांगत होती, की पूजा नीट कर, रडू नकोस.

शुद्धीवर आल्यावर वैजयंताने पहिल्यांदा चादरीखाली बोटं हलवून बघितली. पाचही हलली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना लावून बघितली, सुई धरतात तशी. मग तिने डोळे मिटले आणि तिला जेवढे देव आठवत होते त्या सगळ्यांना एका दमात हात जोडले.

वण कापताना कडेला त्याची एक चिंचोळी पट्टी राहिली होती, तिच्यात ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ झाली होती, असं मुजावरबाईंनी नंतर सांगितलं. इतक्या दिवसांत ती हाडापर्यंत उतरायला हवी होती. पण ठिगळातल्या शिपायांनी तिला चारी बाजूंनी वेढा घातला होता. हाक मारत राहिले, कुणी आलं नाही, तरी जागचे हलले नाहीत. आणखी आठवडाभरात मात्र त्यांचं काही चाललं नसतं. तेवढा उशीर झाला असता, तर हात ठेवता आला नसता. वैजयंता हे ऐकत असताना उशाशी छाया मोसंबं सोलत होती. वैजयंताने तिच्याकडे बघितलं आणि मोसंब्याची एक फोड तिच्या तोंडात घातली.

नवं ठिगळ लावायची वेळ आली, तेव्हा छाया औषधं आणायला खाली गेली होती. मुजावरबाई म्हणाल्या, आता सुधारलेला प्रकार निघालाय. कातडीखाली केसाएवढा धागा असतो. शिपायांची चाहूल तो ओळखतो आणि रोज सकाळी फोनवर कळवतो. रंगही राहील, पण रंगावर विसंबून राहायला नको. रोज कुणी बघायलाही नको. "तुमच्या जाऊबाईंची सुटका झाली, मावशी."

वैजयंताने मान डोलावली. आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण आत कुठेतरी चर्र झालं. तिने तो धागा लावून घेतला. आता हाताशी खेळ करायची तिची हिंमत नव्हती. फक्त घरी आल्यावर ती त्याविषयी कुणापाशी अवाक्षर बोलली नाही. सकाळी फोन थरथरायचा, 'ठिगळ ठीक आहे' अशी अक्षरं उमटायची, ती वाचून वैजयंता फोन रिळांच्या डब्यात टाकून झाकण लावायची आणि छायाच्या चहाची वाट बघत बसायची. छाया यायची, हात उन्हात धरायची, कोपर वाकवायची, बघायची. मग दोघी चहा प्यायच्या. जिने आपला हात वाचवला तिला आपण रोज फसवतोय, याची वैजयंताला लाज वाटायची, पण सकाळ झाली की ती पुन्हा हात पुढे करायची.

श्रावणातल्या एका सकाळी छायाला उशीर झाला. ती लगबगीने आली, कप मशीनवर ठेवला, हातातला फोन कपाशेजारी ठेवला आणि वैजयंताचा हात धरून उन्हाकडे वळवला. तेवढ्यात रिळांच्या डब्यात थरथर झाली. आणि त्याच क्षणी मशीनवरचा छायाचा फोनही थरथरला. वैजयंताची नजर गेली. पडद्यावर अक्षरं उमटली होती, वैजयंता लोंढे, ठिगळ ठीक आहे.

तिला आठवलं, की भरती करताना हॉस्पिटलने दोन नंबर घेतले होते. एक तिचा आणि एक जवळच्या माणसाचा. म्हणजे पहिल्या सकाळपासून हिलाही कळत होतं.

तिने छायाकडे बघितलं. छाया हात उन्हात धरून, कपाळाला आठ्या घालून, ठिगळाची कड न कड बघत होती. एखाद्या शिवणीत उसवलेला टाका शोधावा, इतकी मन लावून.

"छाया," वैजयंता म्हणाली.

"हलू नका, आक्का," छाया म्हणाली. "हललं की दिसत न्हाई."

वैजयंताने डाव्या हाताने मशीनवरचा फोन हळूच पालथा केला आणि उजवा हात तिच्या हातात तसाच राहू दिला.